तीन खांबांचं अंतर

शेवंते, तू गाडीत चढली होतीस. हे मी आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं मी कितीही हळवी झाले तरी कंट्रोलरबाई पाघळली असं तुला वाटायला नको. शर्यत चालू असताना, छातीवर नंबर टाचलेला असताना, परक्या मुलखातल्या नदीकाठच्या रस्त्यावर तू मागून आलेल्या गाडीत चढलीस आणि विजेच्या तीन खांबांइतकं अंतर बसून गेलीस. बसून नाही, उभ्यानं, हे तुझं नेहमीचं. बरं, उभ्यानं तर उभ्यानं.

तुला जाऊन पंधरवडा होत आला. नेरच्या स्टँडवरून जाते तर माणसं थांबवतात. "झोपेतच गेली ना वं बाई?" असं विचारतात, मी हो म्हणते, आणि पुढच्या मिनिटाला तेच तुझा एखादा किस्सा काढून हसायला लागतात. तो चहावाला तर हसता हसता रडायला लागला आणि चहा उतू गेला. मयताची अशी विचारपूस मी कधी पाहिली नाही. घरी येऊन मात्र मी एकटी बसते. सकाळी बूट घालते, दारापर्यंत जाते आणि परत येऊन बसते. तुझ्याशिवाय पळायचं कसं ते मला माहीतच नाही.

आपली मैत्री भांडणातून झाली, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. तू लाल गाडीवर कंडक्टर, मी स्टँडच्या केबिनमध्ये कंट्रोलर. गाडी लागली की माइकवरून ओरडायचं, सुटली की वेळ लिहायची, हे माझं काम. आणि तू बाजाराच्या दिवशी गाडीत एवढी माणसं कोंबायचीस की दार लावायला खालून दोघांना रेटावं लागायचं. मी खिडकीतून हात काढून म्हणायचे, बाई, नियम आहे. तू म्हणायचीस, "नियम खाली उभा आहे का वं? खाली तर माणसं उभी आहेत." मला असा राग यायचा. माझे वडील सांगायचे, पोरी, वशिला दुसऱ्यांकडे असतो, आपल्याकडे नियम आहे, तो सोडू नको. बौद्ध वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत ते वाक्य मी जेवणासारखं खाल्लंय. तुमच्या लोकांची गोष्ट वेगळी. बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेली माणसं, रस्त्यात भेटला तो आपला. तुझ्या रक्तातच ते होतं. मग काय, अख्खी नोकरी आपण भांडत काढली, आणि दोघी निवृत्त झालो तेव्हा लक्षात आलं की घरी भांडायला कोणी नाही.

पळणं सुरू झालं तुझ्या शुगरमुळे. डॉक्टर म्हणाले चाला, तू म्हणालीस, "चालून चालून किती चालाव? पळू ना." पहिल्या दिवशी दारव्हा रोडला दूधवाल्यानं मोटरसायकल थांबवली आणि काळजीनं विचारलं, "काय हरवलं का बाई?" ओळखीचे ड्रायव्हर तर गाडी हळू करून दारच उघडायचे. "बसा ना मॅडम, कायले पळता?" तू हात हलवून सांगायचीस, "जा बाप्पा तू. मी जिंदगीभर गाडीच्या आतून दुनिया पाह्यली, आता बाहेरून पाहून राह्यली." मी तुझ्यामागं धापा टाकत. वर्षभरात आपण एवढं पळायला लागलो की रस्त्यावरची कुत्रीही भुंकायची थांबली.

आणि मग कविताचा फोन आला. तुझी लेक डेट्रॉइटला राहते हे मला माहीत होतं, पण ते शहर अगदी नदीकाठी आहे आणि नदीपलीकडं दुसरा देश आहे, हे तिनंच सांगितलं. तिथं म्हणे दरवर्षी शर्यत असते. सकाळी पुलावरून पळत कॅनडात जायचं, तिकडच्या विंडसर गावातून फिरायचं आणि नदीच्या खालच्या बोगद्यातून पळत परत यायचं. तू फोन स्पीकरवर टाकलास. "पुलावरून जायचं अन् नदीच्या खालून यायचं?" तीनदा विचारलंस. तिसऱ्यांदा विचारताना तुझे डोळे असे चमकले की मी मनात म्हटलं, झालं, आता ही काही ऐकत नाही.

तुला ती शर्यत का हवी होती ते तू एकदाच सांगितलंस, बूट काढताना. "माह्या आजोबाच्या आजोबानं बैल घेऊन किती मुलूख ओलांडले, त्याले ठाव. मी काय ओलांडलं? जिल्हा. तोही गाडीत उभी राहून. एक तरी सीमा मले मायच्या दिलेल्या पायानं ओलांडू दे." मला माझा पासपोर्ट काढायचा होता, त्याची चौकशी दुसऱ्याच दिवशी केली.

एका नदीसाठी दोन देशांचे व्हिसे. मुंबईला मुलाखतीला गेलो तर काचेमागच्या माणसानं विचारलं, कशासाठी चाललात. मी तयार केलेलं उत्तर मान खाली घालून म्हणून दाखवलं. तुझी पाळी आली तेव्हा तू सरळ म्हणालीस, पळायले. त्यानं तुझ्याकडं पाहिलं, तुझ्या हातावरच्या गोंदणाकडं पाहिलं आणि हसून शिक्का मारला. बाहेर आल्यावर तू मला म्हणालीस, "पाह्य, मी तुह्यापेक्षा कमी बोलली." आयुष्यात एकदाच कमी बोललीस, तेही सरकारी कामात.

शर्यतीच्या सकाळी काय थंडी होती, शेवंते. हाडं वाजत होती. कवितानं आणलेलं भारी जॅकेट सोडून तू ट्रंकेतला खाकी कोट घालून आलीस, कंडक्टरचा, बटणं घासून चकचकीत केलेला. "याच्यात मले ऊब वाटते." त्या कोटावरच तू नंबर टाचलास. मी म्हटलं, लोक हसतील. तू म्हणालीस, हसू दे, थंडीत हसलेलं बरं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तो कोट आहे, हे मी तेव्हापासून सांगत आले.

पुलावर सूर्य निघाला. खाली नदी, मागं उंच इमारती, पुढं दुसरा देश, आणि आपण हजारो माणसांत सगळ्यात मागं. कविता पन्नासदा सांगून गेली होती की सीमेवरच्या अधिकाऱ्याला नंबर दिसला पाहिजे, लपवायचा नाही. तिथं गणवेशातला एक उंच माणूस टाळी द्यायला हात पुढं करून उभा होता. समोर हात आलेला पाहून तुझा हात आपोआप कमरेच्या पिशवीकडं गेला, तिकीट फाडायला. पिशवी कुठली? मग तू त्याच्या हातावर अशी टाळी दिलीस की तो आपला तळहात बघत राहिला. कॅनडात पाऊल टाकल्याबरोबर तू रस्त्याकडं वाकून बघितलंस. "सुजे, आपल्या बडनेरा रोडवर जिल्हा बदलला की डांबर तरी बदलते. इथं तर काहीच बदललं नाही." तुझा थोडा हिरमोड झाला होता. "परतीची सीमा बोगद्यात आहे," मी म्हटलं, "तिथं भिंतीवर रेष आहे म्हणे." तेवढ्यावर तू पुन्हा खुश झालीस.

विंडसरमध्ये अनोळखी बायका घरासमोर संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. आपण दोघी संत्र्याच्या मुलखातल्या, तरी तू प्रत्येकीची फोड खाल्लीस. कोणी दिलेलं नाही म्हणायचं नसतं, असं तुझं म्हणणं. वेळ गेला तो त्यात. बोगदा ठरलेल्या वेळेला गाड्यांसाठी खुला होतो, त्याआधी आत शिरलं नाही तर शर्यत संपली. म्हणून मागून एक मोठी बस हळूहळू येत असते आणि मागं पडलेल्यांना उचलून नेते. तू मागं वळून ती पाहिलीस आणि पळता पळता हसत सुटलीस. "जन्मभर लोक माह्या गाडीमागं पळले वं. आज गाडी माह्या मागं लागली."

आणि मग तो म्हातारा. गुडघा धरून कडेला उभा होता. बस त्याच्याजवळ थांबली, पण पायरी उंच, त्याचा पाय उचलेना. मी पुढं होते, वळून पाहते तर तू त्याच्या काखेत हात घातलेला. त्याला वर चढवलंस, त्याच्यामागं तू चढलीस, खिडकीपाशी बसवलंस. इथवरही ठीक होतं. पण पुढं तू काय केलंस? दारात उभी राहिलीस, एक हात दांड्यावर, बाहेर वाकून मागं पाहिलंस, पुढं पाहिलंस, आणि गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थापटलंस. खाकी कोटातली बाई थापटते म्हटल्यावर कोणता ड्रायव्हर थांबेल? गाडी निघाली. माझ्या शेजारून तू दारात उभी राहून गेलीस, शेवंते, नेरहून यवतमाळला निघाल्यासारखी, आणि तुझ्या चेहऱ्यावर अगदी समाधान होतं. मी ओरडले. तुला उमगायला एक खांब गेला.

मग मी गाडीमागं पळाले. आयुष्यात पहिल्यांदा. कंट्रोलर असताना मी गाडीमागं पळणाऱ्यांना काय काय बोललेय, ते सगळं आठवलं. आतून तुझा आवाज ऐकू येत होता. ड्रायव्हर सरदारजी निघाले हे तुझं नशीब. "भैया, रोको, रोको. मैं बैठनेवाली नहीं हूँ, मैं तो कंडक्टर हूँ." गाडी तिसऱ्या खांबाशी थांबली. सरदारजी दाढीत हसत म्हणाले, "पहले बताना था, बहनजी. आपने तो घंटी दे दी." म्हातारा खिडकीतून हात हलवत होता. तू उतरलीस, कोट झटकलास आणि गाडीच्या पुढं पळायला लागलीस, जसं काही झालंच नाही.

मी म्हटलं, "तुझी शर्यत बाद झाली."

"काहून?"

"गाडीत चढलीस म्हणून."

"मी उतारू म्हणून नाही चढलती. कंडक्टर म्हणून चढलती. कंडक्टरले तिकीट लागते का?"

शेवंते, या एका वाक्याला मी आजवर उत्तर शोधतेय. तेव्हा मी नियम सांगत राहिले, तू खांब मोजत राहिलीस. तू म्हणे दोन खांब, मी म्हणे तीन. भांडता भांडता बोगद्यात कधी शिरलो कळलंच नाही. आत असा घुमायचा आवाज की आजूबाजूच्या माणसांना वाटलं, आपण एकमेकींना जोर देतोय. ती टाळ्या वाजवायला लागली. आपण आणखी चढ्या आवाजात भांडलो. उजेड दिसला, वर आलो, आणि तू मधेच थांबलीस. "सुजे, ती रेष?"

"मागं गेली."

"तू पाह्यली?"

"मी तुझ्याशी बोलत होते."

तू परत फिरायला निघाली होतीस. तिथल्या स्वयंसेवक पोरीनं हात आडवे करून अडवलं. तिला काय सांगणार? एवढी सीमा सीमा केली, बैलांपासून सगळा इतिहास काढला, आणि भांडणाच्या भरात ओलांडून बसलो. तू कठड्याला टेकून इतकी हसलीस की तुझ्या पोटात कळ आली. मीही. आयुष्यात मी तेवढी कधी हसले नाही, आणि आता तेवढी हसेन असंही वाटत नाही.

शेवटच्या रेषेशी एका मुलीनं आपल्या गळ्यात मेडलं घातली. तू तिला पाठीवर थोपटलंस, आणि ती वळताच मेडल काढून कोटाच्या खिशात टाकलंस. कविता रागावली. तू तिला म्हणालीस, "कंट्रोलरनं अजून गाडी पास केली नाही. तिनं पुरी म्हटलं, मंग घालतो." आणि घातलं नाहीस. नेरला सत्कार झाला, हार घातले, मेडल खिशातच. अख्खा स्टँड दोन पार्ट्यांत वाटला गेला. कंडक्टर सगळे तुझ्याकडून, ड्रायव्हर माझ्याकडून, आणि चहावाला ज्याचा चहा जास्त जाईल त्याच्याकडून.

मी पुरी का नाही म्हटलं, ते आता सांगते. मला मजा येत होती. रोज सकाळी तू दारात येऊन पहिलं वाक्य तेच बोलायचीस, "मंग, कंट्रोलरबाई, विचार केला का?" मी म्हणायचे, चालू आहे. पुरी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कशावर भांडलो असतो? तुलाही ते कळत होतं. तुझा नवरा गेल्यापासून आणि माझी मुलं पुण्याला गेल्यापासून आपल्या दोघींच्या सकाळी त्या तीन खांबांवर उभ्या होत्या. मला वाटायचं, अजून पुष्कळ सकाळी आहेत.

तेराव्याला मी फुलसावंगीला उतरून तुमच्या तांड्यावर आले. तुमच्याकडच्या बायका भेटल्यावर गळ्यात पडून गाण्यासारखं रडतात, हे तू सांगितलं होतंस, पण माझ्या गळ्यात कोणी असं पडलं नव्हतं. आमच्याकडं वंदना होते, शांत बसतात. त्या बायकांनी मला धरलं आणि हेल काढून तुझं सगळं आयुष्य गायलं. तुमची गोर बोली मला अर्धीच कळते. पण खाकी कोट कळला, नदी कळली, आणि मधेच माझं नाव आलं ते कळलं. सुजाताबाई तुझ्या गाडीमागं पळाली, असं त्या रडत रडत गात होत्या. मग मीही सूर न लावता रडले. त्यांनी माझं बेसूर रडणं मधे घेतलं.

जेवणं झाल्यावर कवितानं ते मेडल काढलं. दोनच दिवसांपूर्वी ती आली होती. तुझ्या फोटोकडं पाहून तिनं मला विचारलं, "मावशी, घालू का?" सगळा तांडा माझ्याकडं बघायला लागला. आता सांग, मी काय म्हणायचं होतं? दयेनं पुरी म्हटलं असतं तर तू वरून म्हणाली असतीस, ही कंट्रोलर कसली. कवितानं हात खाली घेतला.

तुझा दीर, तांड्याचा नायक, तुझ्या फोटोकडं हात करून म्हणाला, "भोजाईचा वाद अर्धा ठेवून तिले लावून द्यायची रीत नाही. नसाब बसवा." तुमच्यात भांडणतंटा मिटवायला पंच बसतात तो नसाब. मेलेल्या माणसासाठी बसवायची रीत खरंच आहे की त्यानं ती तिथंच काढली, देव जाणे. पण सतरंजी अंथरली गेली, म्हातारे बसले आणि मला साक्षीला उभं केलं.

"चढलती का?" नायकानं विचारलं.

"चढली होती."

"कायले?"

"म्हाताऱ्याला बसवायला."

"मंग उतरली काहून नाही?"

"सवयीनं. घंटी देऊन बसली."

पंचांत खसखस पिकली. कविता हसायला लागली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. खांब किती, यावर बराच वेळ गेला. तुझ्याकडून बोलायला चार जण उभे राहिले, दोनच खांब, असं छातीठोकपणे सांगत, जसे सगळे विंडसरला होते. नायकानं तीन धरले. मग म्हाताऱ्यांनी डोकी जवळ घेऊन कुजबुज केली, आणि नायकानं निकाल दिला. "कंट्रोलरबाईचं बरोबर आहे. तेवढा रस्ता भोजाई पायानं गेली नाही. तेवढा बाकी. दंड तांड्यानं भरायचा. तीन खांब, सगळ्यांनी पळायचं."

तुला ते पाहायला मिळालं नाही, म्हणून लिहिते. शाळेजवळच्या खांबापासून सुरुवात केली. पोट्टे तर नायकानं हात वर करायच्या आधीच सुटले. बायका घागरे मुठीत धरून पळाल्या, त्यांच्या पायातले वाळे वाजत होते. पंच धोतर सावरत पळाले. नायकाचा फेटा सुटला, त्यानं तो खांद्यावर टाकला आणि पळत राहिला. कविता चप्पल हातात घेऊन पळाली. फुलसावंगीहून येणारी लाल गाडी समोर येऊन थांबली, ड्रायव्हरला वाटलं आग लागली, आणि कोणीतरी त्याला ओरडून सांगितलं, बाजूनं घे, मॅरेथॉन चालू आहे. मी पळत होते आणि शेजारी तू नव्हतीस, आणि तरी, शेवंते, मला त्या दिवशी दम लागला नाही.

तिसऱ्या खांबाशी सगळे धापा टाकत, हसत गोळा झाले आणि माझ्याभोवती उभे राहिले. पोट्टे म्हणाले, "सांगा ना बाई आता." मी मागं पाहिलं. तुझी म्हातारी चुलत सासू, जिला सगळे याडी म्हणतात, कमरेत वाकलेली, दुसऱ्या खांबाला टेकून श्वास घेत होती. नायक म्हणाला, राहू दे, तिचं वय झालं, सांगून टाका.

मी म्हटलं, थांबा. एक माणूस यायचं आहे.

ती काठी टेकत आली. कोणी तिचा हात धरला नाही, तिनं धरू दिला नाही. ती खांबाला हात लावून उभी राहिली तेव्हा मी घसा साफ केला आणि माइकवरून बोलायचे त्या आवाजात सगळ्या तांड्याला सांगितलं की शेवंताबाईंची शर्यत पुरी झाली आहे.